रक्तातील प्रथिनांची तपासणी : बिलावरचे नाव नीट वाचा

डॉक्टरांनी रक्त तपासून आणायला सांगितले की आपल्यापैकी बहुतेकजण दोनच गोष्टी पाहतात. रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत छापलेला आकडा आणि बिलातली शेवटची रक्कम. या दोहोंच्या मधे लिहिलेले तपासणीचे नाव सहसा कोणी वाचत नाही. साखर, हिमोग्लोबिन, साधी लघवी अशा नेहमीच्या तपासण्यांत त्यामुळे फारसे बिघडत नाही. रक्तातील प्रथिनांच्या खास तपासण्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांची नावे एकमेकांसारखी असतात. दर मात्र कुठे शंभर-दोनशे रुपये, तर कुठे काही हजार. नाव चुकले तर मेडिक्लेमचे पैसे अडकतात आणि त्याहून वाईट म्हणजे कधीकधी रोगच नजरेतून निसटतो.

वसई तालुक्यातील गिरीज, नाळे, भुईगाव अशा गावांत राहणाऱ्यांना हा प्रश्न जास्त जाणवतो. घरी येऊन किंवा जवळच्या केंद्रात रक्ताचा नमुना घेतला जातो. साध्या तपासण्या स्थानिक लॅबमध्ये होतात. खास तपासणीचा नमुना मात्र बहुधा मुंबईच्या किंवा आणखी दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे जातो. चिठ्ठी एका डॉक्टरची, पावती दुसऱ्याची, रिपोर्ट तिसऱ्याचा. या तीन कागदांत एकच तपासणी तीन वेगवेगळ्या नावांनी लिहिली गेली, तर पुढे कोणी कोणाला विचारायचे?

प्रथिनांत नेमके काय मोजतात?

आपल्या रक्तद्रवात अनेक प्रकारची प्रथिने असतात. त्यांतील निम्म्याहून जास्त वाटा अल्ब्युमिन या एका प्रथिनाचा असतो. ते यकृतात तयार होते. उरलेल्या प्रथिनांना ढोबळपणे ग्लोब्युलिन म्हणतात. रोगाशी लढणारी प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, यांतच येतात. निरोगी प्रौढ माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात एकूण प्रथिने साधारण ६ ते ८ ग्रॅम असतात.

'टोटल प्रोटीन' ही सर्वांत साधी तपासणी. तीत सगळी प्रथिने एकत्र मोजतात. यकृताच्या नेहमीच्या तपासणीत ती अल्ब्युमिनसह बहुधा आलेलीच असते. बाजारातील सगळ्या फळांचे एकत्र वजन करावे, तसा हा प्रकार आहे. वजन बरोबर भरले तरी त्यात केळी किती आणि चिकू किती हे कळत नाही.

ते कळण्यासाठी 'इलेक्ट्रोफोरेसिस' करतात. विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने प्रथिने एकमेकांपासून वेगळी केली जातात आणि त्यांचे मुख्यतः पाच पट्टे पडतात : अल्ब्युमिन, अल्फा-१, अल्फा-२, बीटा आणि गॅमा. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस यांनी ही पद्धत १९३७ साली प्रगत केली. १९४८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गॅमा भागात कधी एखादा टोकदार, उंच पट्टा दिसतो. त्याला 'एम बँड' म्हणतात. अस्थिमज्जेतील एकाच प्रकारच्या पेशी बेसुमार वाढून एकच प्रथिन तयार करू लागल्या की असा पट्टा उमटतो. सगळेच एम बँड कर्करोगाचे नसतात. परंतु 'मल्टिपल मायलोमा' या अस्थिमज्जेच्या कर्करोगाचा माग लागतो तो बहुधा येथूनच. उतारवयात न थांबणारी पाठदुखी किंवा हाडांचे दुखणे, कारण न सापडणारा रक्तक्षय, मूत्रपिंडाचे काम मंदावणे, वरचेवर होणारे न्यूमोनियासारखे संसर्ग ही त्याची लक्षणे. ती एकत्र दिसली तर 'वयामुळे होतंय' म्हणून अंगावर काढू नये.

एका शब्दात दडलेल्या पाच तपासण्या

समजा, घरातल्या साठीच्या बाईंना अशीच लक्षणे आहेत आणि चिठ्ठीवर घाईत नुसते 'प्रोटीन टेस्ट' असे लिहिले आहे. लॅबमधील माणूस त्याचा अर्थ किमान पाच प्रकारे लावू शकतो.

एक, टोटल प्रोटीन. दोन, रक्ताचे इलेक्ट्रोफोरेसिस. तीन, इम्युनोफिक्सेशन, म्हणजे आढळलेला पट्टा नेमक्या कोणत्या प्रतिपिंडाचा आहे ते ओळखणे. चार, 'फ्री लाइट चेन'. म्हणजे प्रतिपिंडांच्या सुट्या राहिलेल्या कप्पा आणि लॅम्डा या दोन साखळ्या मोजणे. पाच, लघवीतील प्रथिनांची तपासणी. हिच्यातही साधी आणि चोवीस तासांची लघवी साठवून केलेली असे प्रकार आहेत.

येथे फरक केवळ पैशाचा नाही. काही मायलोमा रुग्णांत फक्त सुट्या साखळ्याच तयार होतात. अशा रुग्णाचे टोटल प्रोटीन अगदी ठीक येऊ शकते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्येही पट्टा दिसेलच असे नाही. लघवीत बुडवून पाहण्याची नेहमीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते. सुट्या साखळ्या तिला सहसा सापडत नाहीत. लंडनचे डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४०च्या दशकात एका रुग्णाच्या लघवीतील हे चमत्कारिक प्रथिन अभ्यासले. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्हणजे 'प्रोटीन टेस्ट नॉर्मल आली' एवढ्यावर समाधान मानून घरचे लोक निश्चिंत झाले, तर आजार आत वाढत राहू शकतो. म्हणून कोणती प्रोटीन टेस्ट झाली, हा प्रश्न रुग्णाच्या हिताचा आहे. हिशेबाचा तर तो आहेच.

सांकेतिक क्रमांक कशासाठी?

नावांचा हा गोंधळ टाळण्यासाठी तपासण्यांना आणि रोगांना क्रमांक देण्याची पद्धत निघाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली वैद्यकीय सेवांच्या क्रमांकांची यादी प्रथम प्रसिद्ध केली. तिला 'सीपीटी' म्हणतात. या यादीत रक्तातील टोटल प्रोटीनला ८४१५५, रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिसला ८४१६५, तर लघवीसारख्या इतर द्रवांच्या इलेक्ट्रोफोरेसिसला ८४१६६ हा क्रमांक आहे. रक्ताचे इम्युनोफिक्सेशन ८६३३४ आणि लघवीचे ८६३३५. शेवटचा एक आकडा बदलला की तपासणी बदलली.

रोगांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'आयसीडी' ही वेगळी यादी आहे. तिचे मूळ १८९३ सालच्या मृत्यूंच्या कारणांच्या यादीपर्यंत जाते. तिच्या दहाव्या आवृत्तीत मल्टिपल मायलोमाचा क्रमांक सी ९०.० आहे. बिल तपासणारा माणूस हे दोन क्रमांक शेजारी ठेवून पाहतो. काय केले आणि कशासाठी केले? दोन्हींचा मेळ बसला तर पैसे मिळतात.

क्रमांकाबरोबर 'किती' हाही प्रश्न असतो. फ्री लाइट चेनचा सध्याचा सीपीटी क्रमांक ८३५२१ प्रत्येक साखळीसाठी वेगळा मोजतात. कप्पा एकदा, लॅम्डा एकदा. म्हणून बिलात एकच ओळ दोनदा दिसली तर लगेच फसवणूक समजू नये. आयजीजी, आयजीए आणि आयजीएम यांचे प्रमाण मोजले असेल तर तीन आकारही रास्त ठरतात. इम्युनोफिक्सेशनमध्ये मात्र पाच-पाच द्रव्ये वापरली तरी एका नमुन्यासाठी ती एकच तपासणी धरली जाते. अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन प्रमाण किंवा कप्पा-लॅम्डा प्रमाण हा तर नुसता भागाकार असतो. त्यासाठी वेगळे रसायन लागत नाही. त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर विचारायला हरकत नाही.

अमेरिकेतील एक धडा

बिलातल्या एका प्रथिनाने केवढा गोंधळ घालावा, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज ही तेथील मोठी कंपनी. डॉक्टर नेहमीच्या रक्ततपासण्यांचा गट मागवत. कंपनीने त्या गटात आणखी दोन तपासण्या घातल्या. एक विशिष्ट प्रकारच्या कोलेस्टेरॉलची आणि दुसरी फेरिटिनची. फेरिटिन म्हणजे शरीरात लोह साठवणारे प्रथिन. त्या जवळजवळ फुकटच मिळतात अशी डॉक्टरांची समजूत झाली. वृद्धांच्या सरकारी विमा योजनेकडून मात्र त्यांचे वेगळे पैसे वसूल होत राहिले. १९९२ च्या डिसेंबरात कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ११ कोटी १० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. कंपनीच्या अध्यक्षांनीही गुन्हा कबूल केला. पुढे १९९७ मध्ये स्मिथक्लाइन बीचमच्या प्रयोगशाळा कंपनीनेही अशाच स्वरूपाच्या आरोपांवरून ३२ कोटी ५० लाख डॉलर भरून तडजोड केली.

या प्रकरणात फेरिटिनची तपासणी खोटी नव्हती. रक्त खरेच तपासले जाई, आकडाही खरा असे. पण ती कोणत्याही डॉक्टरने त्या रुग्णासाठी विचार करून मागितलेली नव्हती. आज आपल्याकडेही 'साठ तपासण्या एकत्र' अशा पॅकेजच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. त्या यादीत एखादे प्रथिन असले म्हणजे ते आपल्याला तपासायला हवेच होते, असे नाही. पॅकेज घेण्याआधी यादी आपल्या डॉक्टरांना दाखवावी. डॉक्टरांनी रुग्ण पाठवण्याबद्दल लॅबकडून कमिशन घेणे हे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार निषिद्ध आहे, हेही वाचकांना माहीत असावे.

आपल्याकडे बिल कोण तपासते?

आपल्या गावातील लॅबच्या पावतीवर सीपीटी क्रमांक सहसा नसतो. येथे बहुतेक खर्च खिशातूनच होतो आणि पावती नावानेच लिहिली जाते. मात्र पैसे दुसरा कोणी देणार असेल तेव्हा यादी आणि क्रमांक येतातच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची सीजीएचएस योजना १९५४ पासून चालू आहे. तिच्या दरपत्रकात प्रत्येक तपासणी अनुक्रमांकाने दिलेली असते. गुणवत्तेची मान्यता मिळवलेल्या संस्थांचा दर वेगळा, इतरांचा त्याहून कमी.

मेडिक्लेम विमा आपल्या देशात १९८६ साली आला. त्यातील दावे आता अनेकदा 'टीपीए' म्हणजे मध्यस्थ कंपन्या तपासतात. प्रथिनांच्या तपासण्यांचे दावे नाकारले जाण्याची कारणे साधारण ठरलेली आहेत.

पहिले कारण, रुग्ण दाखलच झालेला नसतो. बहुतेक पॉलिसींत बाहेरच्या बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च मिळत नाही. दाखल होण्यापूर्वीच्या आणि घरी आल्यानंतरच्या ठराविक दिवसांतील खर्च मिळतो. अनेक पॉलिसींत ही मुदत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस अशी असते. आपल्या पॉलिसीत किती दिवस आहेत ते पाहून ठेवावे. रक्त कोणत्या तारखेला दिले आणि रिपोर्ट कोणत्या तारखेला आला, या दोन्ही तारखा म्हणूनच महत्त्वाच्या ठरतात.

दुसरे कारण, केवळ तपासण्यांसाठी दाखल होणे. विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या वगळलेल्या बाबींत 'एक्स्क्ल ०४' हा संकेत याच गोष्टीचा आहे. निव्वळ निदानासाठी दाखल झाल्यास, तसेच चालू आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्या केल्यास तो खर्च मिळत नाही. डिस्चार्ज कार्डावर 'कंबरदुखी' एवढेच लिहिलेले आणि फाइलमध्ये इम्युनोफिक्सेशनचे बिल, असे असेल तर तपासणाऱ्याला संबंध कळत नाही. 'रक्तक्षय, हाडांत छिद्रे, मायलोमाचा संशय' असे लिहिलेले असेल तर कळतो. डॉक्टरांच्या मनात जे खरे कारण आहे ते त्यांनी कागदावर पूर्ण लिहावे, एवढाच आग्रह आपण धरावा. पैसे मिळावेत म्हणून खोटे कारण लिहून घेणे ही फसवणूक आहे. तो शिक्का पुढे रुग्णाच्या सगळ्या विम्याला चिकटतो.

तिसरे कारण, रिपोर्टवरील सही. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी स्पष्ट केले. नमुना बाहेर पाठवला असेल तर ज्या प्रयोगशाळेने तो प्रत्यक्ष तपासला तिचे नाव रिपोर्टवर असावे. आपल्या केंद्राच्या पावतीवरही त्याचा उल्लेख करून घ्यावा.

दावा नाकारला गेल्यास

कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. पॉलिसीतील कोणत्या कलमाने नाकारला हे तिने सांगितले पाहिजे. कारण केवळ कागदाच्या गोंधळाचे असेल, तर लॅबकडून दुरुस्त पावती आणि डॉक्टरांकडून खुलाशाचे पत्र घेऊन पुन्हा अर्ज करावा. पुष्कळदा एवढ्याने काम होते. तरीही न झाल्यास आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे. तेथे महिनाभरात उत्तर मिळाले नाही किंवा उत्तर पटले नाही तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही. विमा नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे. याशिवाय ग्राहक न्यायालयाचा मार्ग आहेच. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्येच दिला आहे.

सरकारी योजनांचा आधार

ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही त्यांनी हताश होऊ नये. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२३ मध्ये शासनाने तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये केली आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला. योजनेतील रुग्णालयात मंजूर झालेल्या उपचाराचा खर्च पॅकेजने दिला जातो आणि त्या पॅकेजमध्ये तपासण्याही धरलेल्या असतात. म्हणून दाखल रुग्णाला 'ही प्रोटीनची तपासणी बाहेरून पैसे भरून करून आणा' असे सांगितले गेले, तर आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. शिवाय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केलेल्या आहेत.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एका प्रथिनाचा उल्लेख करायला हवा. ते म्हणजे लाल पेशींतील हिमोग्लोबिन. पालघरच्या आदिवासी भागात सिकलसेल आजार आढळतो आणि तो हिमोग्लोबिनच्या रचनेतील बदलामुळे होतो. तेथेही नावाचा हाच घोळ होतो. 'सिकल टेस्ट' म्हणून होणारी साधी विद्राव्यता चाचणी फक्त संशय दाखवते. माणूस केवळ वाहक आहे की आजारी, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा 'एचपीएलसी' लागते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून तिच्यात सरकारी यंत्रणेमार्फत तपासणी केली जाते. लग्नाआधी किंवा गरोदरपणात खासगी लॅबमध्ये पैसे भरण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

हे लक्षात ठेवा

१. चिठ्ठीवर तपासणीचे पूर्ण नाव, ती रक्ताची की लघवीची, आणि करण्याचे कारण डॉक्टरांकडून लिहून घ्या.

२. नमुना देण्यापूर्वी लॅबला विचारा : ही तपासणी येथे होणार की बाहेर जाणार? दर किती? यकृताच्या तपासणीत टोटल प्रोटीन व अल्ब्युमिन आलेच असेल, तर ते पुन्हा का?

३. पावतीवर एकरकमी आकडा नको. प्रत्येक तपासणीची वेगळी ओळ, रुग्णाचे पूर्ण नाव, वय, तारीख आणि पावती क्रमांक हवा. विम्याच्या कार्डावर जसे नाव आहे तसेच ते असावे.

४. चिठ्ठी, पावती आणि रिपोर्ट हे तीन कागद घरी आल्यावर शेजारी ठेवून पाहा. तिन्हींवर तपासणीचे नाव एकच आहे का?

५. मूळ कागद विमा कंपनीकडे देण्यापूर्वी त्यांची झेरॉक्स काढा. मायलोमासारख्या आजारात याच तपासण्या पुनःपुन्हा होतात आणि डॉक्टरांना जुने आकडे लागतात. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, म्हणजे आकड्यांची तुलना नीट होते.

६. रिपोर्टवरील 'नॉर्मल' हा शब्द फक्त त्या एका तपासणीपुरता असतो. तक्रार चालूच असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि 'यापुढची कोणती तपासणी हवी?' असे स्पष्ट विचारा.

लॅबच्या खिडकीपाशी हे प्रश्न विचारताना पुष्कळांना संकोच वाटतो. मागे रांग असते, आत रुग्ण कण्हत असतो. परंतु विचारायला दोन मिनिटे पुरतात आणि चांगल्या लॅबचे लोक त्यांची उत्तरे आनंदाने देतात. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी आजी-आजोबांबरोबर लॅबमध्ये जाताना निदान एवढे काम आपल्याकडे घ्यावे.